नकाशातले मस्कत आणि कोरडी नदी



मस्कत म्हटले की आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना खजूर आठवतो अन् गलबते. आज आपण त्या शहराचे जुने-नवे नकाशे पाहू.

जर्मन प्रवासी कार्स्टन नीबूर १७६५ साली मस्कतला उतरला व त्याने गावाचा आराखडा काढला. बंदरावर जलाली आणि मिरानी हे पोर्तुगीजांचे दोन किल्ले, मागे उघडे डोंगर. गंमत अशी की दोनशे वर्षांनीही तटाच्या आतले गाव जवळपास तेवढेच! रात्री वेशी बंद, आणि उशिरा बाहेर पडायचे तर हातात कंदील हवाच. महायुद्धानंतर जगातली शहरे फुगली, पण मस्कत तसेच बसून राहिले. आजाऱ्यांना आधार म्हणजे शेजारच्या मत्रहमधले अमेरिकन मिशनचे इस्पितळ. आम्हा नर्सबायांची नजर नकाशावर आधी तिथेच जाते, काय करणार!

१९६७ ला तेलाची निर्यात सुरू झाली. २३ जुलै १९७० ला सुलतान काबूस गादीवर आले, आणि मग नकाशे भराभर जुने होऊ लागले. रुवीच्या खोऱ्यात बैत अल फलज किल्ल्याजवळ विमाने उतरत. १९७३ ला सीबला नवा विमानतळ झाला, अन् रुवीत बँका, दुकाने आली. डोंगरात जागा कुठली? म्हणून शहर किनाऱ्याने पश्चिमेला धावले, पार सीबपर्यंत, चाळीसेक किलोमीटर.

मुलांनो, नकाशावर उंचीच्या रेषा दाटीने असतील तिथे कडा, विरळ असतील तिथे सपाटी. त्यांच्यामधून जाते ती वादी. ही अलिबागकडची नारळाची वाडी नव्हे हं, ही कोरडी नदी! वर्षानुवर्षे पाणी नाही, म्हणून माणसाला ती फुकटची सपाट जमीन वाटते.

वादी अदई डोंगरातून निघून कुरमला समुद्राला मिळते. कुरम म्हणजेच खारफुटी, नावातच सगळे आले. जुन्या नकाशात तिथे फारशी वस्ती नाही. पुढे तिथे बंगले झाले, बाजार झाले. जून २००७ मध्ये गोनू वादळ आले, डोंगरातले पाणी आपल्या जुन्या वाटेने उतरले आणि कुरम बुडाले. ओमानात सुमारे ५० माणसे गेली.

मुंबईत २६ जुलै २००५ ला मिठी नदीने हेच केले होते. तिच्यावर तर विमानाची धावपट्टीच आहे. कुणाच्या पेटीत मुंबईचा जुना नकाशा असेल तर नातवंडांना जवळ घेऊन मिठी शोधा, आणि ती कुठे कुठे वळत होती ते आम्हाला जरूर कळवा.