टगवरची माणसं आणि त्यांच्या आठवणी



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एकाने मला विचारलं, "सर, गोदाकाठी टगबोटीचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. सायखेड्याहून समुद्र लांब, आणि आपल्याकडे 'टग' ऐकलं की पहिला आठवतो तो 'टग्या'. पण असं बघा. तुमचा कांदा लिलावात विकला जातो, ट्रकमध्ये चढतो, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोचतो आणि कंटेनरमधून परदेशी निघतो. तो कंटेनर ज्या बोटीवर असतो ती कधीकधी तीनशे मीटर लांब असते. भर समुद्रात ती राणी. बंदराच्या अरुंद पाण्यात मात्र तिला नीट वळता येत नाही. वेग कमी केला की सुकाणूचं पाणी सुटतं आणि बोट ऐकेनाशी होते. मग तिला ओढायला, ढकलायला छोट्या, दणकट, अफाट ताकदीच्या बोटी लागतात. त्या टगबोटी. म्हणजे तुमच्या कांद्याचा प्रवासही टगच्या दोराला बांधलेला आहे.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, नौकानयन नाही. म्हणून आज यंत्रापेक्षा माणसांबद्दल बोलणार आहे. ब्रिटिश टगबोटींवर ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांच्या कामाची आठवण कशी टिकली, आणि त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या माणसांची आठवण कशी हरवत गेली, हा आजचा प्रश्न.

आधी थोडा इतिहास. १८०३ साली स्कॉटलंडमधल्या फोर्थ-क्लाइड कालव्यात 'शार्लट डुंडास' नावाच्या वाफेच्या बोटीने सत्तर-सत्तर टनांचे दोन पडाव सुमारे तीस किलोमीटर ओढून नेले. ओढण्याचं काम वाफ करू शकते हे तिथे सिद्ध झालं. पुढच्या चाळीस वर्षांत काळं धुराडं असलेली टग ब्रिटनच्या प्रत्येक बंदरात दिसू लागली. चित्रकार टर्नरचं १८३९ मधलं एक प्रसिद्ध चित्र आहे. 'टेमेरेअर' ही ट्राफल्गरच्या लढाईत गाजलेली युद्धनौका मोडीत निघाली आहे आणि एक बुटकी टग तिला थेम्स नदीतून ओढून नेते आहे. चित्र पाहणारे हळहळतात ते त्या पांढऱ्या, उंच युद्धनौकेसाठी. पुढच्या टगवर कोळसा कोण ओढतंय, दोर कुणी बांधलाय, हे कुणी विचारत नाही. आपला विषय त्या न विचारण्यात आहे.

आता टगवरचं काम कसं असे ते पाहू. वाफेच्या काळात टगवर कप्तान, त्याचा मेट, इंजिनियर, भट्टीवाला, दोन-तीन डेकवरची माणसं आणि एक पोऱ्या. पोऱ्याने चहा करायचा, न्याहारी भाजायची, पितळ घासायचं आणि बघत बघत शिकायचं. थेम्सवर या शिकण्याला मोठी परंपरा होती. तिथल्या नावाड्यांची संस्था १५५५ पासूनची. उमेदवारी वर्षानुवर्षं चालायची आणि परवाना मिळेपर्यंत नदीचा प्रत्येक भोवरा पोराच्या अंगात मुरलेला असायचा. लंडन ब्रिजच्या वरच्या अंगाला जाणाऱ्या टगबोटींचं धुराडं बिजागरीवर बसवलेलं असे. पूल आला की ते आडवं करायचं, पूल गेला की पुन्हा उभं. हे वेळेवर करायला घड्याळ नव्हे, नजर लागते.

या कामातला खरा धोका समजून घ्यायचा तर आपल्या निफाड तालुक्यातलं रोजचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या आहेत. सपाटीवर ट्रॅक्टर मालक. उतार लागला, वळण आलं, की ट्रॉल्या मालक होतात आणि ट्रॅक्टरला आडवं रेटतात. टगचं असंच होतं. पारंपरिक टगचा ओढायचा हूक अगदी मागे नसतो, जवळपास मध्यावर असतो. तसा नसेल तर टगला वळताच येणार नाही. पण त्याचमुळे, मोठी बोट अचानक वेगात पुढे गेली आणि दोर टगच्या बाजूला आडवा आला, तर तोच दोर टगला कुशीवर पाडतो. याला तिकडे 'गर्टिंग' म्हणतात. टग उलटायला कधीकधी मिनिटही लागत नाही. उपाय दोन. एक, दोर मागच्या बाजूला दुसऱ्या दोराने खाली बांधून ठेवायचा, म्हणजे तो आडवा येणार नाही. दोन, हूकचा खटका ओढून दोर सोडून द्यायचा. पण खटका कधी ओढायचा? लवकर ओढला तर मोठी बोट मोकाट सुटते. उशीर झाला तर टगच जाते. हा क्षण ओळखायचा कसा, हे पुस्तकात पूर्ण लिहिता येत नाही.

एक खरी घटना सांगतो. २५ ऑक्टोबर १९५४. लंडनजवळच्या टिलबरी धक्क्यावरून पी अँड ओ कंपनीची 'आर्केडिया' ही नवी कोरी प्रवासी बोट सुटत होती. जवळपास तीस हजार टनांची. तिला मदत करत होती 'सर्व्हिया' नावाची, अडीचशे टनांच्या आतली टग. बोटीच्या ओढीत दोर आडवा आला, 'सर्व्हिया' कुशीवर गेली आणि बुडाली. कप्तानासह पाच माणसं गेली. पुढे ती टग वर काढली, दुरुस्त केली आणि पुन्हा कामाला लावली. नंतर रॅम्सगेट बंदरात ती जुनी टग म्हणून जपली गेली. मर्सी नदीवरची १९०३ सालची 'डॅनियल अॅडमसन' भंगारात जाणार होती. ती २००४ मध्ये एका पौंडाला विकत घेऊन लोकांनी पुन्हा चालू केली. बोट जपली की तिच्यावर काम केलेले म्हातारे येतात, "इथे मी उभा असायचो" म्हणतात, कुणीतरी ते लिहून घेतं. ब्रिटिश टगवाल्यांच्या आठवणी अशा टिकल्या.

आता दोराच्या दुसऱ्या टोकाला या. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर काम करणारे खलाशी कोण असत? मोठ्या संख्येने आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. जेवणघरात आणि केबिनमध्ये गोव्याचे. टगचा दोर वर घ्यायचा, खुंट्याला अडकवायचा आणि हुकूम झाला की सोडायचा, हे काम डेकवरच्या खलाशांचं. इंग्रजीत त्यांना 'लास्कर' म्हणत. त्यांच्यातही उतरंड होती. वर सारंग, त्याखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुखानी, कोठीवर कसब, मग खलाशी. खाली इंजिनात आगवाले, तेलवाले, कोयलावाले. त्यांची एक खिचडी भाषा होती. तिच्यात मराठी, हिंदुस्तानी, फारसी, पोर्तुगीज सगळं मिसळलेलं. दोर ओढायला 'हबेस', सोडायला 'आरिया'. हा 'आरिया' पोर्तुगीजांकडून आलेला. या भाषेचा शब्दकोश टॉमस रोबक याने १८११ सालीच छापला, कारण इंग्रज अधिकाऱ्याला हुकूम द्यायला ती लागे. लक्षात घ्या, कोश हुकूम देण्यासाठी झाला. ऐकून घेण्यासाठी नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा माणूस हिंदुस्थानी होता. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तुलनेत तिसरा-चौथा हिस्सा. त्यांचे करारही वेगळे होते. नोकरी ब्रिटिश बोटीवर, पण सुट्टी भारतातल्या बंदरातच, म्हणजे लंडनला उतरून दुसरी नोकरी धरायची सोय नाही. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरदात, ब्रिटिश बंदरांत या खलाशांनी संप केले, काहींनी तुरुंगवास भोगला आणि पगारवाढ मिळवली. जे समुद्रात गेले त्यांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी-गृहातल्या स्मारकात आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिलंय?

आणि जे परत आले त्यांचं काय उरलं? एक 'नळी'. खलाशाचं नोकरीचं दाखलापत्र पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवत, म्हणून त्या दाखल्यालाच नळी म्हणायची रीत पडली. त्यात नाव, गाव, बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेवटी शेरा. वागणूक: व्हेरी गुड. काम: व्हेरी गुड. तीस वर्षांचं आयुष्य आणि त्यावर दोन शब्दांचा शिक्का. नळी खोटं बोलत नाही, पण ती काही सांगतही नाही.

मुंबई बंदरातल्या टगबोटींवरही हेच. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा. या दोन्ही डॉकची दारं भरतीच्या आसपासच उघडत. म्हणजे टगवाल्याची पाळी घड्याळावर नाही, चंद्रावर. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर तिचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, मुंबईच्या भरतीची वेळ साधारण येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित कोळ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडी होतं. छापील भरतीच्या तक्त्याखाली इंग्रजी सही असे, या गणिताखाली कुणाचीच नाही.

आता मी माझ्या विषयाकडे वळतो. न्यायदर्शनात अनुभव आणि स्मृती असा भेद केला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकताना विद्यार्थ्याला हे पहिल्या काही पानांतच भेटतं. स्मृती संस्कारातून जन्मते. आणि संस्कार नुसता असून भागत नाही, त्याला जागं करणारं काहीतरी लागतं. त्याला उद्बोधक म्हणतात. उद्बोधक नसेल तर संस्कार आत झोपून राहतो. इकडे विसाव्या शतकात गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली दुसरा भेद ठळक केला: एखादी गोष्ट 'आहे' हे ठाऊक असणं वेगळं, ती 'करता येणं' वेगळं. पोहण्यावर भाषण देणारा बुडू शकतो. या दोन गोष्टी एकत्र ठेवा. कामगाराचं ज्ञान करण्यातलं असतं, त्याचा संस्कार हातापायांत असतो. म्हणून त्याचा उद्बोधकही हातापायांपर्यंत पोचणारा हवा.

काही वर्षांपूर्वी कोकणात एका निवृत्त खलाशाशी बोलायचा योग आला. मुंबई बंदरात टगवर त्यांची उमर गेली होती. मी विचारलं, "चाचा, टगवरचं आयुष्य कसं होतं?" ते म्हणाले, "कसं असणार सर? गेलो, काम केलं, आलो." भीतीचं विचारलं, तर हसले. मग मी विचारलं, "दोर ताणलेला असताना तुम्ही उभे कुठे राहायचात?" चाचा उठलेच. काठीने अंगणात टग काढली, हूक दाखवला, तुटलेला दोर कुठवर झेपावतो त्याची रेघ मारली. म्हणाले, "मनिलाचा दोर तुटायच्या आधी बोलतो, करकरतो. नायलॉन बोलत नाही." नायलॉन आल्यावर जुन्या माणसांना कान विसरून डोळ्यांवर विसंबायला शिकावं लागलं, हे मला तिथे कळलं. दोन तास बोलले. माझ्या पहिल्या प्रश्नात उद्बोधक नव्हता. तिसऱ्यात होता.

हे ज्ञान जुनं झालं, आता यंत्रं आली, असं कुणी म्हणेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात 'वरप्रदा' नावाची टग आपल्याच समुद्रात बुडाली. तेरा माणसांपैकी दोघं वाचली. अशा वेळी काय घडलं हे कागदावर येतं ते बहुतेक चौकशीच्या भाषेत. वाचलेल्या माणसाच्या हातांना काय ठाऊक आहे, तो दोर केव्हा सोडायला हवा होता असं त्याला वाटतं, हे पुढच्या पिढीच्या खलाशाला हवं असतं, आणि ते विचारल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून शेवटी एक व्यवहारातली गोष्ट. तुमच्या घरात, गल्लीत जुनी कामं केलेली माणसं आहेत. गोदावरीत नाव चालवलेले, मार्केटात हमाली केलेले, चाळीत कांदा साठवून वासावरून सड ओळखणारे, पुराच्या पाण्याचा रंग बघून पाणी किती चढेल ते सांगणारे. २०१६ च्या पुरात सायखेडा-चांदोरीने ते पाणी पाहिलंय. या माणसांना "तुमच्या वेळी कसं होतं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर 'बरं होतं' एवढंच येतं, नळीवरच्या 'व्हेरी गुड'सारखं. हत्यार हातात द्या. जागेवर घेऊन जा. उभे कुठे राहायचात, आधी काय ऐकू यायचं, कुणी शिकवलं, चूक झाली तर काय व्हायचं, हे विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांचा शब्द प्रमाण मराठीत बदलू नका, त्या शब्दातच अर्धं ज्ञान आहे. आणि खाली त्यांचं नाव घाला.

ब्रिटनमधल्या टगवाल्यांच्या आठवणी टिकल्या त्या काही ते आपल्यापेक्षा जास्त बोलके होते म्हणून नाही. त्यांना वेळेत कुणीतरी विचारलं. आपल्याकडे विचारायची वेळ अजून पूर्ण गेलेली नाही, पण भरती कुणासाठी थांबत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. आणि कुणाच्या घरी अशी जुनी नळी असेल, तर कृपा करून ती फेकू नका.