मेल सर्व्हरवर वेबमेलची सोय

संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर असला, तरी ई-मेल वाचायला प्रत्येक संगणकावर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. वेबमेलमुळे हे काम टळते. ब्राउझर आणि पासवर्ड एवढे पुरते. परगावी गेलेला एखाद्या मंडळाचा कार्यवाह तिथूनही मंडळाचा पत्रव्यवहार पाहू शकतो. वेबमेलची कल्पना सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या हॉटमेलने ४ जुलै १९९६ पासून घरोघरी नेली.

या सोयीत तीन कामे तीन प्रोग्रॅम करतात. पोस्टफिक्स मेल घेतो आणि पाठवतो. डोव्हकॉट मेलपेटी उघडून दाखवतो. राउंडक्यूब हे दोन्ही ब्राउझरच्या पडद्यावर आणतो. २००५ मध्ये सुरू झालेला राउंडक्यूब मोफत मिळतो. तो पीएचपीत लिहिलेला आहे आणि त्याला एक डेटाबेस लागतो. मात्र त्या डेटाबेसमध्ये मेल नसतात. वापरणाऱ्यांच्या आवडीनिवडी आणि पत्त्यांची वही तेवढी असते. मेल डोव्हकॉटकडेच राहतात. म्हणून वेबमेल बंद पडले, तरी आलेला मेल हरवत नाही.

मांडणी करताना आधी डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स नीट चालतात याची खात्री करावी. मग डेटाबेस तयार करावा, राउंडक्यूबच्या फाइली उतरवून घ्याव्यात आणि वेब सर्व्हरला त्यातले फक्त सार्वजनिक फोल्डर दाखवावे. सेटिंगच्या फाइली आणि नोंदवह्या बाहेरून दिसता कामा नयेत. मेल वाचण्यासाठी सहसा ९९३ क्रमांकाचे पोर्ट आणि पाठवण्यासाठी ५८७ वापरतात. राउंडक्यूबसोबत येणारे इन्स्टॉलरचे पान जोडणी तपासून चाचणीचा मेलही पाठवते. ही चाचणी पार पडली की इन्स्टॉलर लगेच काढून टाकावा, नाहीतर बाहेरच्या कुणालाही तो उघडता येतो.

पासवर्ड उघड्या जोडणीवरून कधीच जाऊ देऊ नये. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते, पण त्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. म्हणून त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था हवी. पासवर्डचा अंदाज घेत वारंवार धडका मारणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅमही बसवावा.

सर्वांत मोठा धोका दुर्लक्षाचा. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधली एक गंभीर त्रुटी उघड झाली. ती सुमारे दहा वर्षे तशीच पडून होती, आणि लॉगिन मिळवलेल्या हल्लेखोराला तिच्यातून सर्व्हरवर आपला कोड चालवता येत असे. १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांनी ती बुजवली. ज्यांनी त्या बसवल्या नाहीत, त्यांची दारे उघडीच राहिली.

म्हणून मांडणी संपली की काम संपले असे नव्हे. आवृत्त्या वेळेवर बदलणे, मेलपेट्यांची प्रत वेगळ्या जागी ठेवणे आणि संस्था सोडून गेलेल्यांची खाती बंद करणे, ही कामे एका ठरावीक माणसाकडे सोपवलेली असावीत.