दुसऱ्याचे रक्त अंगाला लागले, तर घाबरावे काय?

गळीत हंगाम म्हणजे कोयत्याचा हंगाम. थंडीने बोटे आखडलेली असतात, पाचटात बुडखा नीट दिसत नाही, आणि गाडी भरायची घाई असते. अशा वेळी कोयता उसाऐवजी नडगीवर किंवा डाव्या हाताच्या बोटांवर बसायला वेळ लागत नाही. फडात असा प्रसंग कधी पाहिलाच नाही, असा सभासद शोधून सापडणार नाही. मग टोळीतली दोन-तीन माणसे धावतात. कोणी धडपा फाडतो, कोणी जखम दाबून धरतो. त्यांचेही हात रक्ताने भरतात. संध्याकाळी कोपीवर चूल पेटली की मनात पाल चुकचुकते: "त्याला काही रोग असला तर? मला तो लागला तर?"

ही शंका हसण्यावारी नेऊ नये. तिचे उत्तर मिळाले नाही तर दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हणजे, पुढच्या वेळी जखमी माणसाला हात लावायला कोणी पुढे येत नाही. दुसरे म्हणजे, जिथे खरोखर डॉक्टरकडे धाव घ्यायला हवी, तिथे माणूस लाजेने गप्प बसतो आणि वेळ निघून जाते. म्हणून सभासद बंधू-भगिनींनी हा विषय नीट समजून घ्यावा, आणि आपल्या फडात येणाऱ्या टोळीलाही समजावून सांगावा.

कातडी हीच पहिली भिंत

रक्तातून पसरणारे मुख्य रोग तीन. एड्सचा विषाणू म्हणजे एचआयव्ही, आणि यकृताला सूज आणणाऱ्या काविळीचे दोन प्रकार, हिपॅटायटिस बी व हिपॅटायटिस सी. हे विषाणू धड कातडीतून आत शिरत नाहीत. दुसऱ्याचे रक्त धडधाकट कातडीवर पडले, ते साबण-पाण्याने धुतले, की विषय संपला. कपड्यावर डाग पडला, शेजारी बसून जेवलो, एका तांब्याने पाणी प्यालो, यातून एचआयव्ही होत नाही.

धोका केव्हा? दुसऱ्याचे रक्त आपल्या ताज्या, उघड्या जखमेत गेले तर. डोळ्यात किंवा तोंडात उडाले तर. किंवा रक्ताने माखलेली सुई वा पाते लगेच आपल्याला लागले तर.

इथे कोणी विचारील, "अहो, ऊसतोड कामगाराची कातडी धड असते कुठे? पाचटाने हात-तोंड ओरबाडलेले असते." प्रश्न बरोबर आहे. खपली धरलेले जुने ओरखडे म्हणजे भिंत शाबूत आहे असे समजावे. पण त्याच दिवशीचा चिरा, ज्यातून ओल किंवा रक्त दिसते, तो उघडा दरवाजाच. त्यावर रक्त लागले तर नीट धुवावे आणि डॉक्टरला विचारावे.

आकडे काय सांगतात?

दवाखान्यातील कर्मचाऱ्यांना रुग्णाची सुई टोचण्याचे प्रसंग येतात, त्यावरून हे आकडे निघाले आहेत. रुग्णाला एचआयव्ही आहे आणि त्याची सुई टोचली, तर अशा एक हजार प्रसंगांत सुमारे तिघांना लागण होते. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडाले तर हजारात एक. हिपॅटायटिस सी चे प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी. पण हिपॅटायटिस बी ची गोष्ट निराळी. लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून लागण होण्याचे प्रमाण शंभरात ६ ते ३० पर्यंत जाते. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहू शकतो.

म्हणजे गंमत पाहा. ज्या रोगाचे नाव ऐकून लोक पळतात, त्याचा धोका कमी. आणि ज्याची कोणी चर्चाही करीत नाही, तो अधिक चिवट. सुदैवाने हिपॅटायटिस बी ला उत्तम लस आहे. मोठ्या माणसाला तिचे तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. या विषाणूचा शोध लावणारे शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या देशात जन्मलेल्या बाळालाही ही लस देतात. पण तिशी-चाळिशीच्या कामगाराने ती घेतलेली असण्याचा संभव कमी. हंगाम सहा महिने चालत नाही हे खरे, पण पहिले दोन डोस टोळी असताना आणि तिसरा गावी गेल्यावर घेता येतो. फक्त कागद जपून ठेवावा.

रक्त लागल्यावर काय करावे?

१. जखमीला आधी मदत करावी. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, हात किंवा पाय उंच करावा. आपल्या हातात रबरी मोजे घालावेत. नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी. खताची किंवा फवारणीच्या औषधाची पिशवी मुळीच नको.

२. आपल्या अंगाला रक्त लागले असेल ती जागा वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. आपल्यालाच पाते लागले असेल तर जखम पिळू नये, बोट तोंडात घालून चोखू नये. डोळ्यात उडाले तर साध्या पाण्याने दहा मिनिटे धुवावे.

३. जखमेत रक्त गेले असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी औषधे मिळतात. ती शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. उद्या बघू, परवा बघू, असे करणाऱ्याला मग औषधाचा उपयोग नाही. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय इथे विचारणा करावी. १०९७ या क्रमांकावर फोन करूनही माहिती फुकट मिळते.

४. रक्त लागलेला कोयता साबणाने घासून धुवावा. लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून त्यात पाते दहा मिनिटे ठेवावे, परत धुवून पुसावे, म्हणजे गंजणार नाही. हे पाणी जखमेवर मात्र लावू नये.

५. ज्याला जखम झाली त्याला खरी भीती धनुर्वाताची. जखमेत माती, तंबाखू, चुना भरू नये. धुवून, बांधून, धनुर्वाताची लस द्यावी.

खरा धोका दुसरीकडेच

कोयत्याच्या रक्ताला आपण भितो, पण कोप्यांवर येऊन एकाच सुईने दहा जणांना टोचणाऱ्याला हात पुढे करतो! गुजरातेत मोडासा इथे २००९ साली हिपॅटायटिस बी ची मोठी साथ आली. पुन्हा वापरलेल्या सुया व सिरिंजांतून ती पसरली आणि कितीतरी माणसे दगावली. म्हणून इंजेक्शन घेताना नवी सुई आपल्यासमोर पाकिटातून काढायला लावावी. दाढीला नवे पाते मागावे. यात संकोच कसला?

भीतीने केलेला अन्याय

भीती डोक्यात गेली की काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, म्हणून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले आणि म्हापशाला ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. त्याचा गुन्हा काय, तर लोकांच्या मदतीसाठी रक्त दिले. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. सुटल्यावर त्याने अशा रुग्णांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ साली तो वारला.

पुढे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात निकाल दिला. केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून दूर केले होते. जो काम करायला सक्षम आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याचे काम काढून घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून खटला टोपण नावाने चालू दिला. आता २०१७ चा कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणे, कोणाचा रोग इतरांना सांगणे, रोगामुळे कामावरून काढणे, हे सगळे त्याने बंद केले आहे.

तेव्हा "टोळीत कोणाला रोग आहे ते आधी शोधा" हा मार्ग कायद्यात बसत नाही, आणि उपयोगाचाही नाही. रोग चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. प्रत्येकाचे रक्त सारख्याच काळजीने हाताळावे, हाच खरा उपाय. मग कोणाकडे बोट दाखवायची गरजच उरत नाही.

सभासदाने काय करावे?

१९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठरवून दिली होती. पण ती कारखान्याच्या आवारात. ऊस तुटतो आपल्या फडात, आणि फडात पेटी कोण ठेवणार? कामगार जखम का लपवतो, तेही समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने दवाखाना गाठला की दोघांचा खाडा पडतो, आणि उचल डोक्यावर असते. मग चिंधी बांधून तो परत वाकतो.

आपण आपल्या ऊस तोडणीच्या दिवशी एवढे तरी करावे: बांधावर एक डबा, त्यात साबण, स्वच्छ कापड, पट्टी, रबरी मोजे आणि पाण्याची घागर. जखम झाली तर मोटारसायकल काढून दवाखान्यात पोहोचवावे. मुकादमाशी बोलून त्या दिवसाचा खाडा पडू देऊ नये. आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी कोयता घेऊन दूरच्या मुलखात, दुसऱ्यांच्या फडात जातात. तिथल्या शेतकऱ्याने त्यांच्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे आपण आपल्या बांधावर वागलो, म्हणजे झाले.