छळाच्या काळातील बिशप : कार्थेजच्या सिप्रियनपुढील पेच

रोमन सम्राट डेशियस याने इ. स. २४९ च्या अखेरीस किंवा २५० च्या आरंभी काढलेल्या फर्मानानुसार साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करून त्याचे मांस चाखायचे, मद्याचे अर्घ्य द्यायचे आणि तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यायचा होता. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले सापडले असून त्यांतील एकात, ओळख पटावी म्हणून, ७२ वर्षांच्या अर्जदाराच्या उजव्या भुवईवरील व्रणाचीही नोंद आहे. एकाच देवाची उपासना करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हा दाखला म्हणजे धर्मत्यागच होता, आणि तो नाकारणाऱ्याच्या वाट्याला कैद, छळ, मालमत्तेची जप्ती किंवा मृत्यू येऊ शकत होता.

रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये मारला गेला. सध्याच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र शहर सोडून अज्ञातवासात गेला आणि तेथून पत्रे व पैसे पाठवून मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, कारभार पाहू लागला. लांडगा दिसताच पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाचा दाखला देत रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला जे पत्र धाडले त्याचा रोख कोणाकडे होता हे उघड होते. सिप्रियनने ते पत्र, अक्षर, मजकूर आणि कागद या तिन्हींविषयी शंका वाटते असे कळवून, खरे-खोटे तपासण्यासाठी परत पाठवले. हे उत्तर चतुर होते, पण त्याने आक्षेप मिटला नाही. आपल्या उपस्थितीने जमाव अधिक चिथावला असता, हा त्याचा युक्तिवाद खोटा म्हणता येत नाही. तरीही कैदेतल्या सामान्य माणसाला तो पटावा अशी अपेक्षा धरणे कठीणच होते.

अधिक अवघड प्रश्न छळ ओसरू लागल्यावर उभा राहिला. कार्थेजमधील अनेकांनी बळी दिला होता, काहींनी केवळ धूप जाळला होता, तर काहींनी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळवला होता. या सर्वांना ‘पतित’ म्हणत, आणि त्यांतील बहुतेकांना मंडळीत परतायचे होते. तुरुंगात छळ सोसूनही विश्वास न सोडलेल्यांना समाजात मोठा मान असल्यामुळे पतित त्यांच्याकडून क्षमेच्या शिफारसपत्रांची याचना करू लागले, आणि अशी पत्रे पुढे इतकी सढळ हाताने दिली गेली की एका पत्रावर नाव एकाचे आणि लाभ त्याच्या सगळ्या गोतावळ्याला, असा प्रकार घडू लागला.

सिप्रियनने परतल्यावर २५१ मध्ये भरवलेल्या बिशपांच्या परिषदेने सरसकट क्षमाही दिली नाही आणि सरसकट बहिष्कारही घातला नाही. केवळ दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची परिस्थिती तपासून परत घ्यावे, प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि त्यांना मरणासन्न अवस्थेत प्रभुभोजनात सामील करून घ्यावे, असे ठरले. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त करणाऱ्यांसाठी ही अटही शिथिल झाली, कारण ज्याला लढायला पाठवायचे त्याला निःशस्त्र ठेवणे त्या बिशपांना योग्य वाटले नाही. कार्थेजमध्ये याहून उदार आणि रोममध्ये नोव्हेशियनच्या नेतृत्वाखाली याहून कठोर असे गट फुटून निघाले. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून माणसागणिक निवाडा करण्याची ही किचकट वाट हीच सिप्रियनची खरी कामगिरी होय. पळून जाण्याविषयीचा वाद तिच्यापुढे गौण ठरतो.

सम्राट व्हॅलेरियनच्या काळात २५७ मध्ये प्रांताधिकाऱ्याने चौकशीत इतर धर्मगुरूंची नावे विचारली असता ती सांगण्यास सिप्रियनने नकार दिला. हद्दपारीनंतर त्याला युटिका या दुसऱ्या शहरात नेण्याची तयारी झाली तेव्हा तो पुन्हा लपला, पण या वेळी कारण वेगळे होते : बिशपाने आपल्याच मंडळीसमोर मरावे अशी त्याची इच्छा होती. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजजवळ त्याचा शिरच्छेद झाला, तत्पूर्वी त्याने जल्लादाला २५ सुवर्णमुद्रा देण्यास सांगितले होते.

सम्राट डायोक्लेशियनच्या काळातील छळात, ३०३ नंतर, धर्मग्रंथ सरकारच्या हवाली करणाऱ्या धर्मगुरूंवरून उत्तर आफ्रिकेत हाच वाद नव्याने पेटला, आणि तेथील कठोर डोनेटिस्ट पंथ तसेच त्याचा विरोधक ऑगस्टीन या दोघांनीही आपापल्या बाजूने सिप्रियनचाच आधार घेतला.