सावली विकत मिळते, पण पाण्याचं काय? अँथुरियम लावण्याआधी हे वाचा

हिंजवडी (ता. मुळशी) : आयटी पार्कच्या कडेने हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे भागात आता शेती तुकड्या-तुकड्याने उरली आहे. कुणाकडे दहा गुंठे, कुणाकडे घरामागची दोन गुंठे. एवढ्या जागेत भात किंवा ऊस करून हाती काही राहत नाही. म्हणून मग ‘थोड्या जागेत जास्त पैसा’ देणाऱ्या पिकांची चौकशी सुरू होते आणि त्यात अँथुरियमचे नाव हमखास येते. ऑफिसच्या टेबलावर, लग्नाच्या स्टेजवर, पुष्पगुच्छात दिसणारे ते लाल, चकचकीत, प्लास्टिकसारखे वाटणारे फूल.

पीक चांगले आहे. एकदा लावले की पाच-सहा वर्षे चालते आणि तोडलेले फूल दोन-तीन आठवडे टिकते. पण ‘सावलीतलं झाड आहे, शेडनेट मारलं की झालं’ असे समजून कुणी उतरत असेल, तर आधी दोन गोष्टी नीट पाहाव्यात : पाणी आणि स्वच्छता. बाग फसते ती बहुतेक वेळा तिथेच.

अळूचा भाऊबंद

अँथुरियम मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया, इक्वेडोर भागातल्या दमट जंगलातले. मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यावर वाढणारे. आपला अळू आणि सुरण त्याच्याच कुळातले. म्हणूनच याच्या पानात-देठात खाज आणणारा चीक असतो. लहान मुले, शेळ्या, कुत्री यांच्यापासून कुंड्या लांब ठेवाव्यात.

ज्याला आपण फूल म्हणतो ते खरे तर रंगीत पान आहे. मधल्या दांड्यावर जे बारीक दाणे दिसतात, ती खरी फुले. झाडाला जेवढी नवी पाने येतात, साधारण तेवढीच फुले येतात, कारण प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एक फूल निघते. म्हणजे पान सुधारले तर उत्पन्न सुधारले. मात्र जुनी पाने गर्दी करू लागली की काढावीत. झाडावर चार-पाच चांगली पाने पुरतात.

सावली किती? मोबाईलवर मोजा

भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. अँथुरियमला १५ ते २० हजार लक्स पुरतो. त्यामुळे ७५ टक्के सावलीची जाळी वापरतात. तरी त्यातून २५ हजारांच्या आसपास प्रकाश आत येतो. म्हणून मार्च ते मे महिन्यात दुपारी आतून आणखी एक पातळ जाळी ओढण्याची सोय ठेवावी लागते. प्रकाश मोजणारे मोफत ॲप मोबाईलवर मिळते. आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरेसा असतो. पानावर पिवळे-पांढरे चट्टे पडले तर ऊन जास्त. देठ लांबडे होऊन फुले कमी झाली तर सावली जास्त.

या पिकाला १८ ते २८ अंश तापमान आणि ६० ते ८० टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. थंडीत रात्री तो दहाच्या खालीही जातो. त्यामुळे उन्हाळ्यात फॉगर आणि थंडीत कडेचे पडदे लागतातच. पावसाळ्यात उलटी अडचण. जाळीतून पाऊस थेट आत येतो, मुळाशी पाणी साचते आणि मुळे कुजतात. आपल्याकडच्या पावसात नुसत्या जाळीवर भरवसा नको, वर प्लास्टिकचे छत हवे.

माती नको, सोडण हवे

हे झाड काळ्या किंवा तांबड्या मातीत लावू नये. मुळांना हवा लागते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोकोपीट, विटांचे तुकडे किंवा कोळसा असे मोकळे मिश्रण वापरतात. सोडणात खार असतो. ते चांगल्या पाण्यात भिजत घालून, पाणी बदलत तीन-चार वेळा धुतल्याशिवाय वापरू नये. इथे घाई केली की पानांच्या कडा करपतात.

आता खरा मुद्दा पाण्याचा. भांड्यावर पांढरा थर धरणारे बोअरचे जड पाणी या झाडाला चालत नाही. लागवडीचा विचार मनात आला की पहिला खर्च पाणी तपासणीचा करावा. पाण्याची क्षारता, म्हणजे ईसी, ०.५ च्या आत असेल तर उत्तम. जास्त असेल तर छतावरचे पावसाचे पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवून बोअरच्या पाण्यात मिसळता येते. मुळशीला पावसाची कमी नाही, साठवणीची आहे.

खत थोडे आणि वारंवार. घरच्या कुंडीला विद्राव्य १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरते. ताजे शेणखत घालू नये.

एक सुरी, सगळी बाग

या पिकाचा सर्वात मोठा शत्रू जिवाणूजन्य करपा. पानाच्या कडेला पाणी भरल्यासारखे डाग पडतात, भोवती पिवळी कड येते, मग झाड बसते. यावर खात्रीचे औषध नाही. हवाई बेटांवर १९८० च्या दशकात याच रोगाने अनेक लहान शेतकऱ्यांच्या बागा संपल्या. रोग पसरतो तो रोगट रोपातून, पानावर उडणाऱ्या पाण्यातून आणि फुले तोडायच्या सुरीतून. म्हणून रोपे टिश्यू कल्चरची, खात्रीच्या ठिकाणचीच घ्यावीत. सुरी प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवावी. फॉगर दुपारी थोडा थोडा वेळच चालवावा, संध्याकाळपर्यंत पाने कोरडी झाली पाहिजेत. रोगट झाड ‘बघू, सुधरंल’ म्हणून ठेवू नये. लगेच काढून बागेबाहेर जाळावे.

एका गुंठ्याचा हिशेब

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वाटा सोडल्या तर ६० ते ६५ चौरस मीटर वाफा बसतो. एक-एक फुटावर लावले तर जवळपास ७०० रोपे. रोप लावल्यावर विक्रीजोगे फूल यायला साधारण वर्ष जाते. पुढे झाडाला वर्षात सहा फुले धरली तरी ४,२०० फुले होतात. त्यातली डागाळलेली, लहान फुले वजा करावीत.

याला बाजारभावाने गुणायचे काम मात्र स्वतः करावे. हे हाराचे, पूजेचे फूल नाही. दसरा-दिवाळीला झेंडूसारखा उठाव मिळत नाही. मागणी सजावटवाले आणि पुष्पगुच्छवाल्यांची. लग्नसराईत एकदा आणि आषाढात एकदा गुलटेकडीच्या फूलबाजारात पहाटे जाऊन दर विचारावा. दोन्ही दरांनी हिशेब बसत असेल तरच पुढे जावे.

दांड्याचा अर्ध्याहून जास्त भाग खडबडीत होऊन रंग बदलला की फूल तोडावे. तोडलेले फूल फ्रिजमध्ये ठेवू नये. १३ अंशांखालच्या थंडीने ते काळे पडते.

अनुदान आणि प्रशिक्षण

शेडनेट, पॉलिहाऊससाठी फलोत्पादन अभियानातून निकषानुसार ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी सांगाडा उभा केला तर अनुदान हातचे जाते. माहितीसाठी पौड येथील तालुका कृषी कार्यालयात विचारावे. हरितगृहाचे प्रशिक्षण तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत मिळते.

त्याआधी एक सोपी परीक्षा घरीच घेता येते. पडवीत किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीला वीस कुंड्या लावाव्यात. आपलेच पाणी, आपलीच हवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती वीस झाडे नीट राहिली, तर सातशेचा विचार करावा. नाही राहिली, तर नुकसान वीस कुंड्यांचेच.