रोहिणीच्या आत डोकावणारा डोळा

गावच्या नळपाणी योजनेत एखाद्या आळीला पाणी कमी दाबाने येऊ लागले, की वाहिनी कोठे तुंबली हे शोधून काढणे हे पंचायतीपुढील पहिले काम असते. वाहिनी जमिनीत पुरलेली असते. पाणी कोठपर्यंत नीट येते यावरून अंदाज बांधता येतो. परंतु आत क्षार साचले आहेत, झाडाची मुळे शिरली आहेत, की वाहिनीच पिचली आहे, हे खणल्यावाचून कळत नाही. हृदयविकारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढेही अनेक वर्षे अशीच अडचण होती. फरक एवढाच, की येथे खणून पाहण्याची सोय नाही. वाहिनी आहे ती अवघी तीन-चार मिलिमीटर व्यासाची, आणि तीही अखंड धडधडणाऱ्या हृदयावर पसरलेली!

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या, म्हणजे शुद्ध रक्तवाहिन्यांच्या, भिंतीत वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात. थर वाढून मार्ग अरुंद झाला, की श्रम करताना छातीत दुखू लागते. थराचे आवरण फाटले, तर तेथे रक्ताची गुठळी होऊन मार्ग अकस्मात बंद होतो. हाच हृदयविकाराचा झटका होय. हा थर प्रत्यक्ष पाहता यावा यासाठी शास्त्रज्ञांनी जी साधने निर्माण केली, त्यांची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

एका तरुणाचे धाडस

या शोधाचा प्रारंभ १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावी झाला. वेर्नर फोर्समान या पंचविशीतील डॉक्टरने स्वतःच्या दंडातील नीलेतून एक लवचीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात चालत जाऊन आपले छायाचित्र काढून घेतले. त्या वेळी वैद्यकीय जगाने त्याच्या या कृतीवर टीकाच केली. परंतु १९५६ साली त्याला इतर दोघा संशोधकांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स महारोहिणीची तपासणी करीत असता नळीचे टोक नकळत हृदयाच्या रोहिणीत शिरले आणि क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य तेथेच सोडले गेले. रुग्ण बचावला, आणि हृदयाच्या रोहिण्यांचे स्वतंत्र चित्र घेता येते हे सिद्ध झाले. हीच आजची अँजिओग्राफी. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंत्झिग यांनी अशाच नळीच्या टोकाशी बसविलेला फुगा फुगवून अरुंद झालेली रोहिणी रुंद केली. अँजिओप्लास्टी म्हणून हा उपचार आज सर्वांना परिचित आहे.

सावलीची मर्यादा

अँजिओग्राफीने लाखो रुग्णांवर योग्य उपचार करणे शक्य झाले, यात शंका नाही. तथापि तीत दिसते ती रोहिणी नव्हे, तर रोहिणीतून वाहणाऱ्या द्रव्याची सावली! रुग्णाच्या नातेवाइकांना ‘सत्तर टक्के अडथळा’ असे सांगितले जाते, ते शेजारच्या निरोगी वाटणाऱ्या भागाच्या तुलनेत सावली किती बारीक झाली यावरून. शेजारचा भागही आतून जाडावलेला असेल, तर हे माप फसवे ठरू शकते. शिवाय थर नेहमीच आतल्या बाजूला वाढतो असे नाही. पुष्कळदा भिंत बाहेरच्या बाजूस फुगते व थर तिच्यात दडून राहतो. अशा वेळी सावली जवळजवळ निर्दोष दिसते.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका व युरोपमधील ६९७ रुग्णांच्या तिन्ही रोहिण्या आतून तपासून त्यांच्या प्रकृतीची पुढील तीन वर्षे नोंद ठेवण्यात आली. ज्यांना पुन्हा त्रास झाला, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा त्रास उपचार न केलेल्या ठिकाणांहून उद्भवला होता; आणि ही ठिकाणे आरंभी सावलीत सरासरी केवळ ३२ टक्के अरुंद दिसत होती. धोका असतो तेथे अडथळा मोठा दिसतोच असे नाही, हा याचा अर्थ.

कॅमेरा, ध्वनी आणि प्रकाश

मग सरळ आत कॅमेराच का घालू नये? या कल्पनेला आधार मिळाला तो काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंचा. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे १९५४ साली दाखवून दिले. जठराच्या तपासणीत या तंत्राचा उपयोग लवकरच सुरू झाला. १९८० नंतरच्या दशकात तंतूंचे जुडगे पुरेसे बारीक झाले, तेव्हा ते हृदयाच्या रोहिणीतही नेता आले. रोहिणीच्या भिंतीवरील पिवळा थर व लाल गुठळी डॉक्टरांना जिवंत माणसात प्रत्यक्ष पाहता येऊ लागली.

परंतु रक्तातून आरपार दिसत नाही. गढूळ पुरात बुडी मारणाऱ्यास जसे काही दिसू नये, तसेच येथेही घडते. म्हणून क्षारयुक्त पाणी सोडून रक्त क्षणभर बाजूला सारावे लागते. शिवाय कॅमेऱ्याला केवळ पृष्ठभाग दिसतो. भिंतीत किती खोल काय साचले आहे ते दिसत नाही.

ही उणीव श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी भरून काढली. गर्भवतीच्या सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या या लहरी. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे निकोलास बॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नळीच्या टोकाभोवती ३२ ध्वनिघटक बसवून या पद्धतीचा पाया घातला. आज सुमारे एक मिलिमीटर जाडीची नळी रोहिणीत सरकवून हळूहळू मागे ओढतात. भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून रोहिणीचा आडवा छेद पडद्यावर उमटतो. रक्त दूर करावे लागत नाही आणि भिंतीची पूर्ण जाडी दिसते.

याहूनही सूक्ष्म चित्र मिळते ते अवरक्त प्रकाशाने. १९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ही पद्धत प्रथम जाहीर केली. ध्वनीने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा तपशील ओळखू येतो, तर प्रकाशाने शंभराव्या हिश्श्यापर्यंतचा. मात्र प्रकाश भिंतीत एक-दोन मिलिमीटरच शिरतो आणि त्यासाठी काही सेकंद रक्त दूर करावे लागते. एका साधनाची खोली अधिक, तर दुसऱ्याची बारकाई अधिक, असा हा हिशेब आहे.

या नळ्या बहुधा आजूबाजूला पाहतात, समोर नव्हे. रोहिणी पूर्ण बंद असेल, तर पुढची वाट दिसणे अगत्याचे असते. त्या दिशेने अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेने २०१४ साली अवघ्या १.४ मिलिमीटर व्यासाची सिलिकॉन चकती तयार केल्याचे जाहीर केले. तिच्यावर ध्वनी सोडणारे ५६ व परत घेणारे ४८ घटक बसविलेले होते.

पाहण्याचा लाभ काय?

सर्वांत मोठा लाभ होतो तो स्टेंट बसविताना. रोहिणी उघडी ठेवणारी ही धातूची जाळी योग्य मापाची आहे काय, पुरती उलगडली काय, भिंतीला सर्वत्र टेकली काय, हे सावलीवरून नेमके ठरविता येत नाही. अर्धवट उलगडलेली जाळी पुन्हा तुंबण्याचा धोका असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातील अभ्यासात गुंतागुंतीचे अडथळे असलेल्या १,६३९ रुग्णांची पाहणी करण्यात आली. उपचार केलेल्या रोहिणीपासून पुन्हा गंभीर त्रास किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण केवळ अँजिओग्राफीच्या आधारे उपचार झालेल्यांत १२.३ टक्के, तर आतून पाहून उपचार झालेल्यांत ७.७ टक्के आढळले. गुंतागुंतीच्या अडथळ्यांवर उपचार करताना अशी तपासणी करावी, अशी ठाम शिफारस युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ साली केली.

तरीही हे साधन सर्वांनाच हवे असे नाही. त्याने खर्च वाढतो, वेळ लागतो आणि चित्र अचूक वाचणारा डॉक्टर असावा लागतो. प्रकाशाच्या पद्धतीत वापरावे लागणारे द्रव्य मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांना बाधू शकते. धोकादायक दिसणारे पुष्कळसे थर कधीच फाटत नाहीत. म्हणून दिसला थर की बसवा जाळी, हेही योग्य नव्हे. मात्र उपचार गुंतागुंतीचा असेल, तर ‘आतून पाहण्याची गरज आहे काय?’ असा प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावा.

आणि एक गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विसरू नये. रुग्ण वेळेवर पोहोचला तरच या डोळ्याचा उपयोग. छातीत दाटून येऊन घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणून रात्र घालवू नये. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचवावे. तंबाखू सोडणे आणि रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे, हे उपाय तर कोणत्याही नळीवाचून करता येण्याजोगे आहेत. वाहिनी तुंबल्यावर ती शोधणारा डोळा विज्ञानाने दिला आहे. ती तुंबू नये यासाठी जपणे मात्र ज्याच्या-त्याच्या हाती आहे.