संदेशवहन जाळ्यांतील दोषशोधन व मार्गबदल, स्वयंचलित
संदेशवहनाच्या जाळ्यातील एखादा दुवा वा उपकरण निकामी झाल्यास तो दोष मानवी मदतीविना ओळखणे आणि वाहतूक राखीव मार्गाकडे वळविणे, या क्रियेस स्वयंचलित मार्गबदल म्हणतात. तिच्या दोन टप्प्यांपैकी दोष ओळखण्याचा टप्पा अधिक अवघड आहे.

प्रकाशीय तंतूतून येणारा प्रकाश अजिबात थांबला, तर दोष उघडच असतो. संकेत क्षीण होत गेल्यास मात्र त्यातील चुकांचे प्रमाण सतत मोजावे लागते. काही जाळ्यांत शेजारची उपकरणे एकमेकांस ठराविक अंतराने लहान संदेश पाठवितात. असे काही संदेश लागोपाठ न आल्यास शेजारी बंद पडला असे मानले जाते. ही मुदत फार लांब ठेवल्यास मधल्या काळातील संदेश नष्ट होतात. फार आखूड ठेवल्यास क्षणिक व्यत्ययानेही वाहतूक दोन मार्गांमध्ये हेलकावत राहते. म्हणून मूळ मार्ग सुधारल्यावरही काही मिनिटे थांबूनच त्यावर परततात.

सर्वांत खात्रीची राखीव योजना म्हणजे एकच संकेत दोन्ही मार्गांनी पाठवून ग्राहक टोकाने त्यांतील चांगला निवडणे. तीत निम्मी क्षमता अडकून पडते. त्यामुळे अनेक मार्गांस मिळून एकच राखीव मार्गही ठेवतात. तंतूंच्या वलयाकार जाळ्यात वाहतूक उलट दिशेने फिरविता येते. दोष कळल्यापासून ५० मिलिसेकंदांत हा बदल व्हावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एवढा खंड दूरध्वनीवरील संभाषणात क्वचितच जाणवतो. अर्थात दोन्ही तंतू एकाच चरातून नेले असतील, तर खोदकामात ते एकदमच तुटतात आणि नकाशावरील वलय निरुपयोगी ठरते.

ही यंत्रणाच कधीकधी दोष पसरविते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील ‘ए. टी. अँड टी.’ या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनी जाळ्यातील न्यूयॉर्कच्या एका स्विच केंद्राने किरकोळ दोषामुळे स्वतःस काही सेकंद बंद करून पुन्हा चालू केले. इथवर सर्व योजनेबरहुकूम घडले. आपण पूर्ववत झाल्याचे त्याचे संदेश शेजारच्या केंद्रांकडे मात्र इतक्या लागोपाठ गेले की, पहिल्या संदेशाची नोंद होत असतानाच दुसरा येऊन ती केंद्रेही बंद पडली. नुकत्याच बदललेल्या संगणकीय आज्ञावलीतील चूक याच्या मुळाशी होती आणि तीच आज्ञावली सर्व ११४ केंद्रांत असल्याने पूर्ववत होण्याची वार्ताच साथीसारखी पसरली. सुमारे नऊ तास निम्म्याच्या आसपास दूरध्वनी जोडले गेले नाहीत. केंद्रांमधील संदेशांचा भार कमी केल्यावर जाळे स्थिरावले.